दोन्हीतलं चांगलं कार्ड कोणतं?

कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ कधी साठते ते कुणाला कळत नाही. मशीन बंद पडतं, झाकण काढतो, ब्लोअर मारतो आणि अख्खं दुकान शिंकायला लागतं! किस्स्यांचंही तसंच आहे. चौसाळ्यात हायवेलगत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डिप्लोमा झालाय म्हणून लोक मला 'इंजिनेर' म्हणतात. ऐकत मात्र कुणी नाही.

याच गाळ्यात एका टेबलावर बाळू बॅनर बनवतो, दुसऱ्या टेबलावर पंडित लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. दोघं सख्खे चुलतभाऊ. आज बाजाराचा दिवस आहे की नाही, यावरही त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. आणि भांडणाचा कायमचा विषय एकच, मशीनला चित्रं काढून देणारं ग्राफिक्स कार्ड कुणाचं भारी!

*

एकदा बाळूनं मला न विचारता चार जीबीचं कार्ड आणलं. पंडितचं दोन जीबीचं.

"डब्बल हाय बे!" म्हणत बाळूनं पेढे वाटले. लगेच दोघांनी एकच व्हिडिओ आपापल्या मशीनवर रेंडरला, म्हणजे पक्का तयार व्हायला, लावला. पंडितचं काम संपलं, तो चहा पिऊन आला, टपरीवर दोन माणसांशी भांडून आला, तरी बाळूचं निम्म्यावरच!

बाळू माझ्यावर उखडला. मी समजावलं, "तुझ्या कार्डाची मेमरी जुन्या जातीची आहे. टाकी मोठी, पण नळ बारीक. पंडितची टाकी लहान आहे, पण नळ जाड आहे."

"मग नळ बदल की!"

"तो बदलता येत नाही."

"मग इंजिनेर कशाला झालास बे?"

*

या भांडणाला एक कायमचे श्रोते होते, सोपानमामा. मेंढरं राखणारा माणूस. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी आणि पानाच्या चंचीत सुपारीच्या खांडाबरोबर एक पेन ड्राईव्ह.

गेल्या साली मेंढरं हायवे ओलांडत होती. मागून मामांची बायको, गजराबाई, येत होती. एका पांढऱ्या गाडीनं तिला उडवलं, ती जागीच गेली आणि गाडी थांबलीसुद्धा नाही. शेजारच्या ढाब्याच्या कॅमेऱ्यात गाडी आली, पण नंबरच्या जागी नुसता पांढरा फराटा. तेच चित्रण मामांच्या पेन ड्राईव्हमध्ये होतं. कागदावर 'अज्ञात वाहन' असं लिहून प्रकरण निजवलं गेलं.

"अज्ञात म्हंजी कोन?" मामांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

"कोण ते माहीत नाही, असा."

"त्येला तर म्हाईत आसंल की, त्यो कोन हाय ते."

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मोठं कार्ड बसवलं की फोटो साफ होतो. दर बाजाराला मामा पायरीवर येऊन बसायचे आणि विचारायचे, "आलं का मोठं कार्ड?" आम्ही म्हणायचो, आलं की बघू. बाजार उठला की ते चंची खोचून निघून जायचे. मला त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघवायचं नाही.

*

नांदूरघाटच्या एका पाव्हण्याला गेम खेळायला कार्ड घ्यायचं होतं. दोन कार्डांची नावं घेऊन आला आणि खुर्चीत रुतून बसला. मी त्याला वीज किती लागेल ते सांगितलं, मेमरी सांगितली, कोणतं किती तापतं ते सांगितलं. माझ्या पैशानं दोनदा चहा झाला.

"मग इंजिनेर, दोन्हीतलं चांगलं कार्ड कोणतं?"

मी बोट ठेवलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि माझ्याच खुर्चीत बसून, माझंच वायफाय वापरून ते कार्ड ऑनलाइन मागवलं!

"बसवायला तुमच्याकडंच आणतो हां," म्हणाला. वर हे उपकार! असल्या लोकांनी माझ्या जिभेचा कडूपणा वाढवलाय, जन्मतः मी गोड माणूस होतो.

*

शेवटी बाळू आणि पंडितनं शर्यत लावली. एकच मशीन, एकच गेम. आधी एकाचं कार्ड, मग दुसऱ्याचं. बाजाराचा दिवस होता. भाजीवाले, जीपवाले, सगळे दारात जमले. मामाही पायरीवरून उठून आत आले.

बाळूचं कार्ड लावलं. गेम बैलगाडीच्या चालीनं. पंडितचं लावलं. तीच चाल! आकडेसुद्धा तेच.

"बघा! दोन्ही सारखीच," जीपवाला म्हणाला. दोघा भावांची तोंडं उतरली.

मी मागं वाकून बघितलं. मॉनिटरची केबल पंडितनं कार्डाला लावलीच नव्हती. ती मशीनच्या मूळ बोर्डाला, मदरबोर्डला होती. दोन्ही कार्डं आत नुसती बसून होती, गेम मदरबोर्डनंच ओढला होता.

"मंग जिकलं कोन?" गर्दीतून आवाज आला.

"कुणीच नाही. दोघं नुसतेच फुगले होते."

मामा तेवढे हसले नाहीत. "म्हंजी मोठं कार्ड आसलं तरी जोडावं लागतंय," एवढंच म्हणाले.

*

मोठं कार्ड आलं ते मात्र माझ्यामुळं नाही. आमच्या भागात एक पुढारी आहेत. त्यांना सगळे 'मालक' म्हणतात. त्यांच्या सगळ्या गाड्यांचा नंबर एकच, तेच चार आकडे. कार्यकर्त्यांच्या मोटारसायकलींवर ते आकडे, उसाच्या ट्रॉल्यांवर ते आकडे. एका पठ्ठ्यानं हातावर गोंदून घेतलेत! वाढदिवसाच्या बॅनरवर मालकांच्या चेहऱ्याखाली नावाऐवजी बाळूनं नुसते ते आकडे टाकले. मालक एवढे खूश झाले की त्यांनी बाळूला तीन पंख्यांचं नवंकोरं कार्ड घेऊन दिलं.

त्या दिवसापासून बाळू जमिनीवर चालेना. तो बॅनर त्यानं आमच्या भिंतीवर कायमचा ठोकला आणि पंडितच्या जुन्या कार्डाला 'डबडं' हेच नाव पडलं.

"तीन पंखे कावून लागतात रं?" एकानं विचारलं.

"मालकाचं कार्ड हाय. तापट आसनारच!"

*

नव्या कार्डावर मी फोटो-व्हिडिओ साफ करायचं सॉफ्टवेअर टाकलं. पहिलं गिऱ्हाईक युसूफ वडगाव या गावचं. आजोबांचा जुना, धूसर व्हिडिओ. साफ होऊन आला तेव्हा घरचे बघतच राहिले. आजोबांच्या तोंडात पांढरेशुभ्र बत्तीस दात!

"आमचा आजा तर बोळका व्हता," नातू म्हणाला.

मी सांगितलं, हे सॉफ्टवेअर जे दिसत नाही ते अंदाजानं भरतं. त्याला वाटलं, माणूस आहे म्हणजे दात असणार.

बाळू खवळला. "आंदाज न्हाई! मालकाचं कार्ड खोटं बोलत न्हाई. दात आसतील आतल्या आंगाला, तुमाला दिसले नसतील."

घरच्यांना ते पटलं! त्यांनी त्या व्हिडिओतला फोटो दातांसकट मढवून नेला.

*

पुढच्या बाजाराला मामा आले. "आलं म्हनं मोठं कार्ड."

आता टाळायला काही उरलं नव्हतं. मी त्यांनाही सांगितलं, "मामा, हा अंदाज असतो. कोर्टात चालणार नाही."

"कोर्टाचं ऱ्हाऊ द्या. मला तर कळंल, कोन ते."

आमच्या खोडीप्रमाणं आधी पंडितच्या कार्डावर लावलं. त्यावर सॉफ्टवेअरचं लहान रूपच चालतं. फराटा हलला आणि त्याचा नंबर झाला. कुणाच्याच ओळखीचा नव्हता. पंडितनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. मामांनी मान हलवली.

"डबड्याचं काय धरताव मामा?" बाळू म्हणाला. "आता बघा!"

त्यानं तोच तुकडा आपल्या मशीनवर टाकला. तिन्ही पंखे घोंघावले. वरून खाली चित्र साफ होत आलं. पांढरं बोनेट, काच, मग पाटी.

पंखे तेवढे फिरत होते.

"वाचा की," मामा म्हणाले.

पंडितनं खाली बघितलं. बाळूचा हात माउसकडं गेला आणि तिथंच राहिला.

मामांना वाचता येत नाही. ते खुर्चीला धरून उठले. बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी भिंतीवरच्या बॅनरकडं बघितलं. परत स्क्रीनकडं. परत बॅनरकडं. बोटानं हवेत एकेक आकडा गिरवला.

"ह्ये तर तितं बी लिवलंय."

मामा माझ्याकडं वळले.

"इंजिनेर, तुमी शिकल्यालं मानूस. खरं सांगा. दोन्हीतलं चांगलं कार्ड कोनतं?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी बाळू आणि पंडित, जन्मात पहिल्यांदाच, एका सुरात बोलले,

"जुनं!"