कळलावीचा कंद

मी प्रेमाने दिलेल्या एका कंदापायी एक बाई मरणाच्या दारात जाऊन आली. ही गोष्ट मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं आम्ही चेन्नईत एग्मोरला राहत होतो. स्टेशनमागच्या एका गल्लीत जुनं दुमजली घर होतं. खाली घरमालक, वर आम्ही दोघं. नवरा अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि मी पेरुंगुडीच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायचे. शिकले होते वनस्पतिशास्त्र, पण त्यावर पोट भरलं नाही. मग ती हौस गच्चीवर भागवत होते.

लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या औषधाला, रंगाला, विषाला वापरलेली आणि आता मिळेनाशी झालेली झाडं मी लावायचे. सर्पगंधा, अनंतमूळ, बेडकीचा पाला, नरक्या. आमचा ईमेलवरचा एक लहानसा गट होता. कोकणातले एक डॉक्टर कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत बिया घालून पाठवायचे, केरळातले एक निवृत्त मास्तर ओल्या शेवाळात गुंडाळून मुळं पाठवायचे. विकायचं नाही, मिळालं की वाढवायचं आणि पुढे दोघांना द्यायचं, एवढाच नियम होता. त्या देण्याघेण्याची मला धुंदी चढली होती, असं आज वाटतं.

घरमालकीणबाईंना मी मामी म्हणायचे. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी. घरात मराठीच बोलत, पण ती तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, तमिळ हेल काढून बोललेली आणि मधेमधे तमिळ शब्द पेरलेली. पहिले सहा महिने मला निम्मं कळायचं नाही. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिणं मला जमणार नाही, म्हणून इथे माझ्याच भाषेत लिहिते आहे. संध्याकाळी त्या गुडघ्यांवर हात टेकत गच्चीवर यायच्या आणि एकेका कुंडीपाशी थांबून सांगायच्या, हे आमच्या गावी अमक्याला लावत, ते तमक्याला देत. मी वही घेऊन त्यांच्यामागे फिरायचे.

कळलावीचा वेल माझ्याकडे दोन वर्षं नुसता पानांवर होता. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे त्याला फुलं आली. ज्वाळांसारख्या वर वळलेल्या पाकळ्या, खाली पिवळ्या, वर लाल. मामी बघतच राहिल्या.

"ह्याचा कंद आमची सुईण उगाळायची," त्या म्हणाल्या. "बाई अडली की बेंबीला आणि तळपायांना लेप लावायचा. लगेच कळा."

"म्हणून तर आमच्याकडे हिचं नाव कळलावी!" मी आनंदाने म्हणाले. "कळ लावणारी!"

मी ते वहीत उतरवून घेतलं. त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या पुस्तकांतल्या माहितीशी जुळली होती आणि मी हरखून गेले होते. तो कंद पोटात गेला तर माणूस मरतं, हे मलाही ठाऊक होतं. त्यांनाही असणारच, असं मी गृहीत धरलं.

पोंगलनंतर वेल वाळला. मी कुंडी उपसली तेव्हा नांगराच्या फाळासारखे वाकडे चार कंद निघाले. त्यातला एक मामींना दिला. त्यांनी तो तुळशीशेजारच्या कुंडीत पुरला. मी कुंडीवर पट्टी चिकटवली: कळलावी. विषारी. पोटात घेऊ नये.

त्याच सुमारास त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिलेली तारीख उलटली, वर आठ दिवस गेले. डॉक्टरबाईंनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत वाट बघू, नाहीतर ऑपरेशन करू. घरात सगळ्यांना ते पटलं, मामींना नाही. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणाच्या ऑपरेशनातच गेली होती. त्या आठवड्यात त्या गच्चीवर आल्या नाहीत. खालून सारखा स्तोत्रं पुटपुटल्याचा आवाज यायचा.

गुरुवारी सकाळी साडेसातला मी ऑफिसची गाडी गाठायला जिना उतरले. तुळशीशेजारची कुंडी उकरलेली होती. माती फरशीवर सांडली होती. माझी पट्टी जागच्या जागी होती.

मी चप्पल काढून तशीच स्वयंपाकघरात गेले. सहाणेवर पांढुरका लेप होता आणि शेजारी अर्धा कापलेला कंद. मामी शेगडीपाशी उभ्या होत्या.

"मामी, हे काय करताय?"

"आज नाही तर उद्या कापतील तिला." त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "लेप लावणार आहे. नुसता लेप."

"आणि त्या भांड्यात काय आहे?"

"सुंठीचं कषाय."

"त्या काढ्यात कंद घातलाय?"

त्या भांडं ढवळत राहिल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इत्तुनूंडु." म्हणजे एवढुसा.

"मामी, हे विष आहे! मी कुंडीवर लिहिलं होतं ना, एवढ्या मोठ्या अक्षरात!"

"मला तुझी अक्षरं कुठे वाचता येतात?" त्या म्हणाल्या.

त्या मराठी बोलत होत्या, पण लिहीत-वाचत होत्या ते तमिळ. तीन वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

भांडं मी मोरीत ओतलं. त्यांनी माझा हात धरला, ओरडल्या. आवाजाने त्यांचे यजमान आले, पाठोपाठ भिंतीला धरत मुलगी आली. मी तिला विचारलं, "तू काही प्यायलीस का? खरं सांग."

"अम्माने पहाटे कषाय दिलं," ती म्हणाली. "रोजच देते."

"ते साधं होतं!" मामी म्हणाल्या. "त्यात काही घातलं नव्हतं. हे दुपारचं."

ते खरं मानायचं की नाही, हे ठरवायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी यजमानांना सगळं सांगितलं. ते आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकून होते, कधी आवाज चढवत नसत. त्यांनी बायकोकडे एकदा बघितलं आणि रिक्षा आणायला गेले.

"आग लावलीस माझ्या घरात," मामी मला म्हणाल्या. पण चपला घालून रिक्षात बसल्या त्याही. उरलेला कंद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरला होता.

प्रसूतिगृहात एका तरुण डॉक्टरबाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय, रताळं?" मी शास्त्रीय नाव सांगितलं, ते त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यात एक वयस्क नर्स पुढे आली. तिने कंद बघितला आणि झटकन हात मागे घेतला. "कण्वलि किळंगु," तिने कंदाचं तमिळ नाव घेतलं. "आमच्याकडे बायका जीव द्यायला हेच खातात."

मग सगळे पळायला लागले. मुलीला आत नेलं. लक्षणं दिसायला काही तास लागतात, तोवर लक्ष ठेवायचं, असं सांगितलं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मध्ये यजमान, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मामी. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी दार उघडायचं आणि मी उठून उभी राहायचे. ऑफिसला मी कळवलंच नव्हतं. बाळाचे ठोके बरे आहेत, आई बरी आहे, असं दोनदा सांगून गेले. मी घड्याळ बघायचे आणि पहाटे पाचपासून किती तास झाले ते मोजायचे.

दहा वाजून गेले असतील. मामींनी पदर तोंडाशी धरलेला मला दिसला. रडत असतील असं वाटलं. मग त्या उठल्या आणि दोन पावलांवर भिंतीशी ओकल्या. पाठोपाठ पुन्हा.

मी धावले. त्यांचे हात थंडगार होते.

"मामी, तुम्ही घेतलंत?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"का? तुम्ही कशाला घेतलंत?"

"मुलीच्या तोंडात घालायचं ते आधी आईने नको का घ्यायला?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "पहाटे घेतलं. दुपारपर्यंत मला काही झालं नाही तर तिला देणार होते."

यजमान बाकावरून उठलेच नाहीत. त्यांना ऐकू आलं होतं, पण उठता येत नव्हतं.

प्रसूतिगृहात त्यांच्यावर उपचार होण्यासारखे नव्हते. मी त्यांना घेऊन मोठ्या सरकारी इस्पितळात गेले. ती नर्स आपणहून बरोबर आली, नाहीतर काय खाल्लं ते समजावण्यातच माझा वेळ गेला असता. नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. उलट्या-जुलाब दोन दिवस थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोटात थोडंच गेलंय म्हणून आशा आहे. पण आत्ता काही सांगत नाही."

मुलीचं शुक्रवारी ऑपरेशन झालं. मुलगा झाला, दोघं सुखरूप. ही बातमी मामींना मी सांगितली. त्यांचं तोंड आतून सोलवटलं होतं, बोलता येत नव्हतं. त्यांनी हाताने पोटावर आडवी रेघ ओढून विचारलं, म्हणजे कापलं का? मी हो म्हणाले. मग बोट वर करून विचारलं, मुलगी जिवंत आहे? मी म्हणाले, "आहे मामी. भाताची पेज प्यायली सकाळी." त्यांनी डोळे मिटले.

त्या वाचल्या. दहाव्या दिवशी घरी आल्या आणि त्यानंतर आठवडाभरात त्यांचे केस गळायला लागले. या विषाने असं होतं हे मी वाचलं होतं, पण त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. सकाळी उशीवर, मोरीत, अंगणात केसांचे पुंजके दिसायचे. पंधरा दिवसांत डोक्यावर एक केस उरला नाही. त्या पदर घट्ट ओढून घेऊन दारात बसायच्या. मी जिन्यावरून येता-जाताना मामी बाळाकडे बघत राहायच्या, माझ्याकडे नाही.

यजमानांनी माझ्या नवऱ्याला हळू आवाजात सांगितलं, दोन महिन्यांत दुसरी जागा बघा. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. माझ्यामुळे विष घरात आलं होतं आणि माझ्यामुळेच ते मुलीच्या पोटात जायचं टळलं होतं. या दोन्हींची वजाबाकी करून मला काय म्हणावं, हे त्या घरात कुणाला ठरवता येत नव्हतं. मलाही नव्हतं. त्या दोन महिन्यांत मी कुणाला एक बी पाठवली नाही. गटातल्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत. केरळच्या मास्तरांचं पार्सल आलं, ते तसंच पडून वाळून गेलं.

पेरुंगुडीला फ्लॅट मिळाला. सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी कुंड्या एकेक करून खाली आणत होते. शेवटची फेरी झाल्यावर मामींच्या दारापाशी थांबले. त्या एकट्याच होत्या, मांडीवर बाळ. पदर मागे सरकला होता आणि डोक्यावर करड्या केसांचे खुंट दिसत होते.

"निघते, मामी."

"बाकीचे तीन कंद कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

फेकून दिले असं म्हणणं सोपं होतं. "आहेत," मी म्हणाले. "नेतेय बरोबर. पण आता कुणाला देणार नाही."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"उंचावर ठेव," त्या म्हणाल्या. मग बाळ माझ्यापुढे धरलं. "घे. अजून घेतलं नाहीस ना तू त्याला?"

"हाताला माती आहे, मामी."

"मग धुऊन ये."

मी अंगणातल्या नळावर साबणाने दोनदा हात धुतले, ओढणीला पुसले आणि बाळाला घेतलं. ते झोपेत होतं आणि माझ्या अंदाजापेक्षा बरंच जड होतं.