एकट्याने जायचं नाही

कुवेतात सकाळी खोली झाडावी, तर दुपारपर्यंत पुन्हा बोटभर वाळू. दार बंद, खिडकी बंद, तरी येते कुठून कोण जाणे! किस्स्यांचंही तसंच आहे. दोन माणसं सतत एकमेकांना चिकटून राहिली की किस्से आपोआप साठतात. साठवावे लागत नाहीत.

माझे आणि दादाचे असेच साठले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शमुवेल. आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले, मिशनचे प्रचारक. दादा गेला त्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. लोक भेटायला येतात, डोळे पुसत बसतात, आणि मी मधेच एखादा किस्सा सांगून स्वतःच हसत सुटतो.

मिशनचे साहेब म्हणाले, "दाविद, शोक ऐसे नहीं करते."

मग कसा करतात ते सांगा ना! माझं शिक्षण चौथी नापास. तिथवर हा विषय लागला नव्हता.

*

आमचं काम दिसायला सोपं. तेल निघालं तशी हिंदुस्थानातून माणसं इकडे यायला लागली. कारकून, खानसामे, शिंपी, खलाशी. त्यांच्या खोल्यांवर जायचं, विचारपूस करायची, कोणी ऐकून घेतलं तर शुभवर्तमान सांगायचं.

नियम एकच, पण लोखंडी. दोघांनी जायचं. प्रभूने शिष्यांना दोघं दोघं करून पाठवलं, म्हणून आम्हीही दोघं. एकाने दुसऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही. जोडी फुटली आणि नवा जोडीदार मिळाला नाही, तर उरलेल्याने बोटीने घरी जायचं.

दादाबरोबर खरं तर दुसराच एक जण यायचा होता. ऐनवेळी त्याचं लग्न ठरलं. तिकीट वाया जायला नको म्हणून आमच्या चर्चच्या पाळकांनी मला बोटीत बसवलं.

धक्क्यावर साहेब घ्यायला आले. अमेरिकन माणूस, उन्हाने टोमॅटोसारखा लाल झालेला. अरबी फाडफाड बोलायचे, आमच्याशी हिंदीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ये कौन?"

"माझा भाऊ," दादा म्हणाला.

"नो, नो! सगे भाई की जोड़ी नहीं बनाते. भाई लोग झगड़ा करते हैं."

दादा शाळामास्तर होता. त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. म्हणाला, "साहेब, आमची भांडणं होऊन गेली आहेत. नवीन जोडी दिलीत तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल!"

साहेबांनी आमच्या ट्रंका उचलायला सांगितल्या.

*

नजरेआड व्हायचं नाही म्हणजे नाही! दादा दाढी करायला बसला की मी न्हाव्याच्या दारात. मी संडासला गेलो की दादा बाहेर, दर दोन मिनिटांनी विचारणार, "आहेस ना रे?"

आता मी कुठे जाणार?

कोपऱ्यावर एक नवा पोलीस आला होता. त्याने काही दिवस आमचं निरीक्षण केलं आणि मग हसनचाचांना गाठलं. हसनचाचा दापोलीकडचे. मिशनच्या फाटकासमोर त्यांचं शिंप्याचं दुकान. अरबी, मराठी, हिंदी सगळं एकाच दमात बोलायचे, आणि तोंडात टाचण्या धरून!

पोलीस म्हणाला, "एक सांग, या दोघांतला कैदी कोणता?"

चाचांनी टाचण्या काढल्या, आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "दिवस बघून बदलतो!"

*

याच चाचांचं आणि दादाचं एक कायमचं भांडण होतं. दादाच्या शर्टाचं वरचं बटण नेहमी तुटलेलं. लावून दिलं की आठ दिवसांत पुन्हा गायब. बोलताना ते पिरगाळायची त्याला सवय होती.

चाचा म्हणायचे, "मास्तर, लोकांना स्वर्गाचा रस्ता दाखवत फिरता. स्वतः असे उघड्या गळ्याने गेलात तर दारातूनच परत पाठवतील!"

"तिथे शिंपी नसतील काय?"

"असतील तर दापोलीचेच असतील. आणि ते मला विचारल्याशिवाय तुम्हाला आत घ्यायचे नाहीत!"

*

मराठीतून बोलायचं तर कुवेतात ऐकणारे कोण? रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान! आम्हाला पाठवताना हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचा धर्म पक्का, पण मराठी ऐकायला इतके भुकेले की आम्ही पंचांग वाचलं असतं तरी बसले असते. आधी जेवायला घालायचे. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी. मग म्हणायचे, "हं मास्तर, होऊ दे तुमचं!"

एकदा दस्मान भागात एका खोलीवर, चाचाही आले होते तेव्हा, दादाने उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. बापाचे दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन परदेशी गेला, सगळं उडवलं, डुकरं राखायची पाळी आली तेव्हा घरी परतला. बापाने पळत जाऊन मिठी मारली, अंगावर उंची झगा घातला, पुष्ट वासरू कापलं. गाणीबजावणी सुरू झाली. थोरला शेतात राबत होता. तो आला, आवाज ऐकला आणि रागाने दारातच उभा राहिला. बाप बाहेर येऊन त्याला विनवायला लागला.

एरवी ही गोष्ट ऐकून माणसं रडतात. इथे खोली पेटली!

"कसला बाप म्हणायचा हा?"

"थोरल्याने मरेपर्यंत राबायचं, आणि वासरू धाकट्याला?"

"आमच्या गावात असल्या बापाला वाळीत टाकतील!"

दादा गांगरला. त्याने चाचांकडे बघितलं. चाचा म्हणाले, "मास्तर, चुकीच्या खोलीत आलात. इथे सगळे थोरलेच आहेत. यांचे धाकटे गावात सायकली उडवतायत!"

मग एक जण हळूच म्हणाला, "ते जाऊ दे. थोरला शेवटी आत गेला का?"

दादाने पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. म्हणाला, "पुस्तकात नाही. गोष्ट इथेच थांबते."

"असं कसं? तो जेवला का उपाशी राहिला ते नको सांगायला?" चाचा खरोखर चिडले होते.

परत येताना फाटकाशी आल्यावर दादा म्हणाला, "तुला सायकल पाहिजे होती ना रे? ती मी घेऊन दिली नव्हती. बरंच केलं!"

*

भांडणं होऊन गेली आहेत, हे दादाने साहेबांना धादांत खोटं सांगितलं होतं.

एकदा मी रागाच्या भरात त्याची चप्पल गच्चीवरून भिरकावली. कारण आता आठवत नाही. चप्पल शेजारच्या अरबाच्या हौदात पडली. दादाने अबोला धरला. पण नियम आहे ना! भांडलं तरी एकत्रच फिरायचं. जवळ चालायचं आणि बोलायचं नाही, हे करून बघा एकदा!

त्या दिवशी दादा बोलत होता प्रीतीवर. प्रीती सहनशील आहे, प्रीती चिडत नाही. समोर एक म्हातारा खलाशी बसला होता. दादा मधेच थांबला आणि त्या खलाशाला म्हणाला, "त्याला सांगा, माझ्याकडे तांब्या सरकव."

मी खलाशाला म्हटलं, "त्यांना सांगा, हात आहेत त्यांना."

म्हाताऱ्याने तांब्या उचलला, सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि म्हणाला, "हं, प्रीतीचं काय सांगत होतात?"

*

वाळूचं वादळ आलं की दिवसा अंधार होतो. आम्ही बाजारात होतो. दादा ओरडला, "माझी बाही धर!" मी बाही धरली, डोळे मिटले आणि चालायला लागलो. बराच वेळ चाललो. वाटेत मी त्याला चार शिव्याही दिल्या, कसल्या देशात आणलंस म्हणून.

वारा पडला, डोळे उघडले. माझ्या हातात एका कॉफीवाल्याची बाही! बिचारा मला आंधळा समजून मुकाट्याने हाताला धरून चालला होता. त्याने मला भिंतीशी उभं केलं, गालावर थोपटलं, आणि एक छोटा कप कॉफी पाजून गेला. पैसे घेतले नाहीत.

दादा सापडला तो एका दुकानाच्या ओट्यावर उभा राहून माझ्या नावाने हाका मारत होता. घसा बसलेला, डोळे लाल. म्हणाला, "डोळ्यांत वाळू गेली."

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांत नाही गेली ती?"

"तू डोळे मिटून चालतोस ना, गाढवा!"

*

दर शनिवारी साहेब विचारायचे, "शमुवेल, इस हफ्ते किसी का दिल बदला?"

इतर प्रचारक गोलमोल बोलायचे. बीज पेरलंय, अंकुर दिसतोय वगैरे. दादा खोटं बोलायचा नाही. (धक्क्यावरचं सोडून.) एकदा म्हणाला, "होय साहेब, एकाचं बदललं."

साहेब खुर्चीतून उठले. "प्रेज द लॉर्ड! किसका?"

"दाविदचं. आज त्याने स्वतःचं अंथरूण गुंडाळून ठेवलं!"

*

दादाला ऊन लागलं. ऐन उन्हाळ्यात लांबच्या एका तळावर गेलो होतो, परतताना गाडी बंद पडली. माझं डोकं नुसतं दुखलं. त्याला ताप चढला तो उतरेचना.

इस्पितळाच्या वॉर्डात नातेवाइकांना थांबू देत नाहीत. मी नर्सबाईंना म्हटलं, "मी नातेवाईक म्हणून थांबत नाही. जोडीदार म्हणून थांबतोय. नियम आहे." त्यांनी स्टूल दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादाने डोळे उघडले. मी बाजूला बसलोय हे बघितलं आणि म्हणाला, "आज कैदी मी."

मी खूप हसलो. तोही हसला. मग तो झोपला, आणि नर्सबाई येईपर्यंत मला वाटत होतं की झोपलाच आहे.

चाचांनी नवा पांढरा शर्ट शिवून आणला. माप घ्यायला आले नव्हते. म्हणाले, "माहीत आहे मला." बटणं त्यांनी स्वतःच्या हाताने लावली, आणि वरचं तीन-तीनदा ओढून बघितलं.

*

दफन झालं आणि साहेबांनी बोलावलं. "दाविद, शुक्रवार को बोट है. तुम घर जाओ."

मी म्हटलं, "मला जायचं नाही. दादा इथे आहे."

"जोड़ी के बिना काम नहीं. नियम है."

"साहेब, नियम तुमचाच. एकट्याने राहायचं नाही. मग त्याला इथे एकट्याला कसं ठेवू?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "बोट शुक्रवार को है."

मी चाचांच्या दुकानात जाऊन रडलो, ओरडलो, त्यांच्या टाचण्यांचा डबा लाथेने उडवला. चाचा खाली बसून टाचण्या वेचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा मिशनच्या फाटकात उभे! दुकानाला कुलूप. डोक्यावर गोंड्याची टोपी, अत्तराचा वास, आणि अंगात कोणा गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट. बाहीला अजून कच्चा टाका होता.

"चल रे दाऊद," ते म्हणाले. मला ते कायम दाऊदच म्हणतात.

साहेब धावत बाहेर आले. "हसन, ये क्या है?"

"जोड़ी."

"लेकिन तुम तो मुसलमान हो!"

"हाँ, वो तो हूँ. नियम में दो आदमी बोला है ना, साहेब? गिन लो!"

साहेबांनी खरंच एकदा माझ्याकडे आणि एकदा चाचांकडे बघितलं. मग म्हणाले, "और नमाज के टाइम?"

"ये मेरी चप्पल सँभालेगा. जोड़ी है ना!"

साहेब बराच वेळ त्या कच्च्या टाक्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "सिर्फ आज."

ते 'सिर्फ आज' अजून चालू आहे. शुक्रवारची बोट केव्हाच गेली.

त्या दिवशी आम्ही मंगफकडे गेलो. कामगारांची खोली होती, रत्नागिरीची नवीन पोरं. त्यांना दादाचं काही माहीत नव्हतं. एकाने चाचांना ओळखलं आणि विचारलं, "चाचा, तुम्ही कधी ख्रिस्ती झालात?"

"झालो नाही. सोबतीला आलोय. ऐका त्याचं."

दादाच्या पिशवीतलं पुस्तक मी उघडलं. त्याने जिथे खूण घातली होती तेच पान निघालं. वाचायला मला वेळ लागतो, म्हणून तोंडानेच सांगायला लागलो. धाकटा गेला, उडवलं, परत आला. बापाने मिठी मारली. झगा, वासरू, गाणी. सगळं नीट सांगितलं. थोरला शेतातून आला आणि दारात उभा राहिला. बाप बाहेर आला.

तिथे मी थांबलो. गोष्ट तिथेच थांबते.

पोरं वाट बघत होती. एक जण म्हणाला, "मग? थोरला आत गेला का नाही?"

मी पान उलटलं. मागे आणलं. पुन्हा उलटलं.

"गेला," चाचा म्हणाले.

"पुस्तकात आहे?"

"पुस्तकाचं मला ठाऊक नाही. त्याचा शर्ट मी शिवलाय."