आईचे साहेब आणि वर्षावासाची डिस्क

आमच्या टीव्हीखाली एक काळा, चपटा डिस्क प्लेअर आहे. त्यात डिस्कही लागते आणि तो इंटरनेटलाही जोडता येतो, म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवून बसलेला. दादानं तो पुण्याहून आणला, बाबा गेले त्या वर्षी. आई एकटी पडू नये म्हणून. मी तेव्हाही याच घरात राहत होते, आजही राहते, पण मला बहुधा माणसांत धरलं नसावं.

प्लेअरचा स्वभाव पहिल्या दिवशीच कळला. बटण दाबलं की निळा दिवा लागतो आणि पडद्यावर येतं, कृपया थांबा. मग तो नेट शोधतो, मग आपलं आपण काहीतरी आठवत बसतो. तेवढ्या वेळात माझा कुकर होतो. आईला याचा राग कधी आला नाही. तिची निम्मी नोकरी हरसूलकडच्या शाळांमध्ये गेली. ती म्हणाली, "तपासणीला येणारे साहेब असेच असायचे गं. सकाळपासून पोरांना केस विंचरून रांगेत बसवायचं आणि साहेब उगवणार दुपारच्या खिचडीला." तेव्हापासून प्लेअरचं नाव साहेब पडलं. कंपनीकडून नवीन काही उतरवून घेत तो अर्धा तास अडून बसला, की आई मला स्वयंपाकघरात येऊन सांगायची, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मला मात्र त्याचा भयंकर राग यायचा. मी ट्रे बोटानं ढकलून बंद करायची, रिमोटवर एकच बटण पाचदा दाबायची. "अगं, दमानं घे," आई म्हणायची. "त्यालाही कुणीतरी वरून हुकूम सोडत असेल."

आईच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब होत गेला तो त्याच सुमाराला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर तिला त्याचे खांदे दिसतात, तोंड दिसत नाही. त्यामुळे टीव्हीकडे पाहायचं तर ती मान वाकडी करून, खिडकीतून शेजारणीशी बोलत असल्यासारखी बसते. नेटवरचे सिनेमे तिच्या कामाचे राहिले नाहीत. तिथे बोटाएवढ्या चित्रांतून निवडायचं असतं आणि ती चित्रं सरकत राहतात. डिस्कचं तसं नाही. ती हातात येते. पण हातात आलेली डिस्क कुठली, हे तरी कसं कळणार? म्हणून आईनं एक युक्ती केली आणि मला पत्ता लागू दिला नाही. कपाळाला लावायच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन तिनं एकेका डिस्कवर टिकल्या चिकटवल्या. गाण्यांच्या सिनेमाला एक, रडक्याला दोन, विनोदी असेल तर तीन.

चौथ्या दिवशी साहेबांनी घरघर करून मान टाकली. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, चिमटा आत घातला आणि एक मरून टिकली बाहेर काढली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आईनं तळहात पुढे केला आणि म्हणाली, "माझी आहे, द्या इकडे." तेव्हापासून टिकल्या डिस्कवर न लागता वेष्टनावर लागायला लागल्या. आमचं कपाट उघडलं की हळदीकुंकवाला बायका जमल्यासारखं दिसतं. आमच्याकडे हळदीकुंकू होत नाही ही गोष्ट वेगळी.

एका डिस्कला मात्र तिनं टिकली लावली नाही. ती होती वर्षावासाची.

वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या कॉलनीच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये कुणाला काही विचारायचं असेल तर विचारायचं. वाचायचं काम कित्येक वर्षं आईकडे होतं. पांढरी साडी, पुढ्यात चौरंग, त्यावर ग्रंथ, आणि वर्गावर असावा तसा खणखणीत आवाज. बाबा असताना शेजारच्या काकांनी नवा कॅमेरा घेतला होता आणि त्यांना काहीतरी शूट करायचं होतं. त्यांनी एका वर्षावासातलं आईचं वाचन टिपून डिस्क करून दिली. तेव्हा ती आम्ही त्यांच्याच घरी कौतुकानं एकदा पाहिली आणि आणून ठेवून दिली.

मग डोळे गेले. आधी आईनं भिंग वापरलं, मग मोठा बल्ब लावून घेतला. एका संध्याकाळी वाचताना तिची एक ओळ सुटली. पुढे बसलेल्या कॉलेजातल्या मुलीनं अगदी हळू, अगदी अदबीनं सांगितलं, "बाई, मधली ओळ राहिली." आईनं ती ओळ वाचली, त्या दिवसाचा भाग पुरा केला, ग्रंथाला हात जोडले आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी गुडघा. पुढच्या वर्षीचा वर्षावास आला तोवर सगळ्यांनी कारणं विचारायचं सोडून दिलं होतं. संध्याकाळी विहारातून त्रिशरण ऐकू यायला लागलं की आई साहेबांना उठवायची आणि सिनेमा लावायची. आवाज मोठा ठेवायची. तिला तिथे जायचं होतं आणि जायचं नव्हतं, आणि या दोन्हींच्या मध्ये मी भाकरी थापत उभी असायची. तिची ती जागा कायमची गेली असं मला वाटायला लागलं होतं, आणि फार वाईट वाटायचं.

आईच्या जागी वाचणाऱ्या बाईंची गेल्या वर्षी ऐन वर्षावासात सटाण्याला बदली झाली. महिला मंडळाच्या अध्यक्षा घरी आल्या. चहा झाला, डोळ्यांची विचारपूस झाली, मग त्या म्हणाल्या, "बाई, ती तुमची डिस्क द्या ना. दुसरी वाचणारी मिळेस्तोवर तेवढीच लावू. विहारात टीव्ही आहेच."

आई म्हणाली, "म्हणजे जिवंतपणीच माझा फोटो भिंतीवर लावताय की तुम्ही."

अध्यक्षा ओशाळल्या. मीही. आई कप चाचपत बशीत ठेवून म्हणाली, "न्या. पण नुसत्या टीव्हीवर डिस्क लागत नाही, प्लेअर लागतो. आणि तो हिच्या हाती द्यायचा नाही, ही ट्रे ढकलते. मी येते चालवायला."

अशी आई पुन्हा विहारात गेली. वाचायला नाही, डिस्क लावायला. मी प्लेअर जुन्या चादरीत गुंडाळून छातीशी धरला होता आणि ती माझा दंड धरून चालत होती. विहारात ती पुढे गेलीच नाही. दाराजवळच्या खुर्चीवर रिमोट घेऊन बसली. साहेबांनी नेट शोधलं, मिळालं नाही, तशी तक्रार पडद्यावर लिहिली. आईनं चाचपून बरोबर बटण दाबलं आणि तक्रार घालवली.

पडद्यावर आई आली. काळ्या केसांची, चष्मा नाकावर. बसल्या बसल्या तिनं पहिलं वाक्य टाकलं, "मोबाईल बंद करा आधी. आणि तो पंखा कमी करा, पानं उडताहेत."

समोरच्या बायकांनी मुकाट्यानं पर्समधून मोबाईल काढले आणि बंद केले. अध्यक्षा स्वतः उठून पंखा कमी करून आल्या. खाली बसताना त्यांच्या लक्षात आलं आणि एकच हशा पिकला. मी वळून पाहिलं तर खुर्चीवर आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. किती दिवसांनी हसली होती अशी. मला तिथल्या तिथे उठून तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या घरात तशी रीत नाही.

वाचन सुरू झालं. भाग होता मेलेलं मूल उराशी धरून औषध मागत फिरणाऱ्या आईचा. तिला सांगितलं जातं, ज्या घरात कुणी मेलेलं नाही त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरते, तसं घर सापडत नाही, तिला समजतं. डिस्कमधल्या आईनं ते फार छान वाचलं, आवाज जराही न कापता. वाचून संपतं तोच पडद्याबाहेरून एक म्हातारा आवाज आला, "मंग त्या बाईनं घरी जाऊन सैपाक कसा केला आसंल?"

डिस्कमधली आई घड्याळाकडे बघून म्हणाली, "ते काही इथं दिलेलं नाही, मावशी. वेळ झाली. उरलेलं उद्या."

"कोन गं ही इचारनारी?" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"तुम्हीच मावशी!" बायका म्हणाल्या. खरंच त्याच होत्या. तेव्हाही पुढेच बसायच्या, आताही तिथेच बसल्या होत्या.

"आस्सं? मला नाय आठवत." मावशींनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "पन बराबर इचारलंय की. मंग? उद्या सांगितलं का तिनं?"

डिस्कमध्ये पुढे सुत्तपठण सुरू झालं होतं. तेवढ्यात ते थांबलं. आईनं रिमोट दाबला होता.

"नाही सांगितलं, मावशी," दाराजवळून आई म्हणाली. "मला तेव्हा माहीत नव्हतं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आई कुणाचंच तोंड पाहू शकत नव्हती, म्हणून सरळ समोर बघून बोलत होती.

"पहिले काही दिवस शेजारचे डबे आणतात. पाहुणे असतात, त्यांच्यासाठी चहा टाकावा लागतो, त्यात वेळ जातो. मग एक दिवस सगळे जातात आणि पोरं घरात असतात. पोरांना भूक लागते, ती तोंडानं सांगत नाहीत. मग बाई उठते. सवयीनं एका माणसाचं पीठ जास्त मळते. वरण करते, त्यात मीठ घालायचं विसरते. पोरं तसंच जेवतात. दोघं एकमेकांकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. तिला पहिल्या घासालाच कळलेलं असतं. पण तीही बोलत नाही, कारण पोरांनी तिच्यासाठी एवढं केलेलं असतं, ते मोडायचं कसं? असा केला तिनं स्वयंपाक."

मी मान खाली घातली. ते वरण मला आठवत होतं. दादानं ताटाखालून माझ्या पायाला पाय लावला होता, की गप बस. इतकी वर्षं आम्ही दोघं धरून चाललो होतो की तिला कळलं नाही.

मावशी म्हणाल्या, "आसंच आस्तं बाई. पुढं ये, हितं बस. मागून नीट ऐकू येत नाय."

आई उठली. कॉलेजातली ती मुलगी धावत गेली आणि तिनं आईचा हात धरला. आता नोकरीला लागली आहे ती. तिनं चौरंगापाशी आईला बसवलं आणि ग्रंथ उघडून स्वतः शेजारी बसली.

"तू वाच," आई तिला म्हणाली. "पण घाई नको करू. कुणाला काही विचारायचं असलं तर मी आहे."