मराठीत सांगितलेलं

मामीचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत एका बैठकीत होते आणि मी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा बाहेर येऊन उचलला, तर मामी एवढंच म्हणाली, "शुभा, मामा गेले गं. चहा मागितला होता, आणि मी आणेपर्यंत तर..." दुपारच्या गाडीने मी ग्वाल्हेरला पोचले. बिर्लानगरच्या त्या दोन खोल्यांपुढे मामांच्या मिलमधली जुनी माणसं जमली होती. मला बघून एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "ये वही भानजी है, दिल्लीवाली. दत्ताजी बहुत नाम लेते थे इसका." मी मान खाली घातली. बघणाऱ्यांना वाटलं असेल, रडू आवरते आहे. त्याला आता सात आठवडे झाले. मी जे लिहायला बसले आहे, ते खरं तर मामा असताना त्यांच्यासमोर बसून बोलायचं होतं.

दत्तामामा आईचे धाकटे भाऊ. आमच्या आजोळची माणसं फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आली आणि इथलीच झाली. फौज केव्हाच सुटली, मामा मिलमध्ये लागले आणि विणाईखात्यात चढत चढत मास्टर झाले. मिल बंद पडली तेव्हा त्यांची पन्नाशीही उलटली नव्हती. मग वर्षभर टोपी बाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे कापडाचे थान, म्हणजे तागे, उलगडून दाखवायचं काम त्यांनी केलं. आई हळहळायची, तर म्हणायचे, "अगं ताई, कपडा तर हातात आहे ना अजून!" तेवढ्यात कोणीतरी आफ्रिकेतल्या नोकरीची खबर आणली. तिथल्या एका देशात वर्षानुवर्षं चाललेली यादवी थांबली होती आणि एक जळकी सरकारी कापडगिरणी पुन्हा उभी करायची होती. तिथे धोट्याच्या जुन्या लूम होत्या आणि त्या जाणणारा माणूस मिळत नव्हता. "जुन्या लूम, जुना मास्टर. जोडी तर मस्त जमली," असं म्हणत मामा गेले. मामी इथेच राहिली. देशाचं नाव मी लिहीत नाही. आमचे अहवाल गोपनीय असायचे आणि ती सवय अजून सुटलेली नाही... निदान नाव लपवण्यापुरती तरी.

आमचे म्हणजे, दिल्लीच्या ज्या सल्लागार संस्थेत मी अर्थशास्त्राचं काम करत होते तिचे. युद्धातून बाहेर पडलेल्या देशांनी कारभाराची घडी कशी बसवावी, हे आम्ही सांगायचो. मामांच्या त्या देशात पहिली निवडणूक पार पडली, नवं सरकार आलं आणि कर्ज देणाऱ्यांनी अट घातली, की सरकारी कारखान्यांपैकी ठेवायचे कोणते, विकायचे कोणते, ते ठरवा. ते ठरवून देण्याचं काम आमच्याकडे आलं. यादीत मामांच्या गिरणीचं नाव दिसलं तेव्हा मी आमच्या प्रमुखांना सांगायला हवं होतं, की माझे मामा तिथे आहेत, मला यातून वगळा. मी सांगितलं, पण वेगळं. म्हटलं, "माझे मामाच आहेत तिथे, आतली माहिती मिळेल." प्रमुख खूश झाले.

गिरणीच्या फाटकाशी मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. त्यांनी मला आधी चहासुद्धा दिला नाही, थेट खात्यात नेलं. लूमवर बहुतेक बायकाच होत्या. एस्तेर नावाच्या एका उंच बाईपाशी ते थांबले. तिचा नवरा बंडखोरांनी मारला होता. तिच्या समोरच्या लूमवरच्या बाईचा सख्खा भाऊ त्याच बंडखोरांत होता. "पहिले तीन महिने या दोघी एका नळाचं पाणी पीत नव्हत्या," मामा म्हणाले. "मी मुद्दाम समोरासमोर ठेवल्या. हिचा धागा तुटला, की तिला आधी दिसतो. मग ओरडून सांगावंच लागतं ना?" एस्तेरने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मास्टरच्या घरची म्हणजे आमच्या घरची."

संध्याकाळी मामांनी तिथल्या कसल्याशा पिठाच्या भाकऱ्या थापल्या आणि पिठलं केलं. माझ्या पानात वाढता वाढता त्यांनी सगळं सांगितलं. लूम अर्ध्याच चालत होत्या, सुटे भाग येत नव्हते. पण कोणा बाईला घरी पाठवायला नको म्हणून त्यांनी एकेका लूमवर दोघीदोघी लावल्या होत्या, आलटून पालटून. हजेरीच्या वहीत मात्र सगळ्या लूम चालू आणि सगळ्याजणी पूर्णवेळ कामावर दाखवल्या होत्या. "तू घरची, म्हणून सांगतोय हं," ते म्हणाले. "मॅनेजरलाही पूरं माहीत नाही. शुभा, निवडणूक झाली, सरकार आलं, ते तर ठीकच आहे. पण ही माणसं एका छताखाली बसतात ना, ती या खात्यामुळे. दोन वर्षं द्या म्हणावं त्यांना. लूम मी चालू करून दाखवतो. एवढं लिहिशील?"

"लिहीन, मामा."

मी नाही लिहिलं. दिल्लीत लिहायला बसले तेव्हा समोरासमोर बसणाऱ्या त्या दोघींसाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. तो करता आला असता. एक परिच्छेद, अगदी शेवटी एखादी टीप... कोणी अडवलं नसतं. पण पिठलं वाढताना ऐकलेलं बाकीचं सगळं मी लिहिलं. निम्म्या लूम बंद आहेत, हजेरी फुगवलेली आहे, माहिती गिरणीच्या तांत्रिक कर्मचाऱ्याकडून मिळाली आहे. प्रमुख म्हणाले, "सबंध अहवालात कामाची गोष्ट ही एवढीच आहे." त्या वर्षी मला बढती मिळाली.

गिरणी विकली गेली. घेणाऱ्याला जमीन हवी होती. लूम भंगारात गेल्या. मी लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. तो देशही मोडला नाही. रस्ते झाले, बंदर सुरू झालं, पुढच्या निवडणुकीत सरकार बदललं तेव्हा कोणी बंदूक उचलली नाही. आमच्या अहवालांचा त्यात काही वाटा असेलही. पण त्या गावातल्या बायकांचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर मामांनाच विचारावं लागलं असतं.

मामा परत आल्यावर मी सहा महिने ग्वाल्हेरला गेलेच नाही. शेवटी दिवाळीत गेले. जेवण झालं. मामांनी ट्रंकेतून आमचा अहवाल काढला. निघताना मॅनेजरने त्यांना एक प्रत दिली होती. चष्मा लावून त्यांनी नेमकं ते पान उघडलं. "वाचला मी. डिक्शनरी घेऊन वाचला," ते म्हणाले. "मी मराठीत सांगितलेलं तू इंग्रजीत अगदी बरोबर उतरवलंस. एक शब्द इकडचा तिकडे नाही." आवाजात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्यावर तो शोधत होते, सापडला असता तर बरं वाटलं असतं. "मामा, ते मी..." एवढं म्हणाले, आणि मामी श्रीखंडाची वाटी घेऊन आत आली. मी थांबले. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं मला. त्यानंतर मी कितीदा तरी त्या घरी गेले, जेवले, राहिले. मामा गल्लीत सगळ्यांना माझं कौतुक सांगायचे. ते वाक्य मी कधी पुरं केलं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी मामांचा फोन वाजला. मामी म्हणाली, "दर इतवारी येतो तिकडून. हे गेल्यापासून मी उचललाच नाही, मला त्यांची बोली समजत नाही. तूच बोल बाई."

पलीकडे एस्तेर होती. तिने "मास्टरजी?" म्हणून हाक मारली. मी कोण ते सांगितलं आणि मामा गेल्याचं सांगितलं. तिने फोन खाली ठेवला असावा, कारण बराच वेळ नुसते लांबून बायकांचे आवाज येत राहिले. मग ती परत आली आणि सावकाश बोलू लागली. गिरणीच्या शेवटच्या दिवशी मामांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं होतं. म्हणाले होते, ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली. मी घरात बोलून बसलो. कोणाला दोष द्यायचा तर मला द्या. बायकांनी विचारलं, घरात कोणापाशी बोललात? तर त्यांनी हात जोडले, पण नाव घेतलं नाही.

"ती मीच," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही मामांना नाही.

"आम्हाला माहीत होतं," एस्तेर म्हणाली. "त्यांच्या घरून तू एकटीच तर आली होतीस." माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही. तिने मग दुसरंच सांगितलं. ती, समोरच्या लूमवरची ती बाई आणि आणखी दोघी, अशा चौघींनी भंगारवाल्याकडून दोन लूम परत आणल्या होत्या आणि एका शेडमध्ये कापड विणायला सुरुवात केली होती. काही बिघडलं, की रविवारी त्या फोन लूमशी धरायच्या. मामा इकडे खिडकीपाशी डोळे मिटून ऐकायचे आणि नेमकं कुठे सैल झालंय, कुठे तेल हवंय, ते सांगायचे.

मामी अजून शनिवारी आठवणीने तो फोन चार्जिंगला लावते आणि रविवारी सकाळी खिडकीत ठेवते. मामांच्या खुर्चीत कोणी बसत नाही. परवाच्या रविवारी मी मुद्दाम गेले होते. फोन वाजला, मी उचलला. एस्तेरने फारसं न बोलता तो लूमजवळ नेला. खट्... खटक्... खट्... मी कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले. मामी दारात उभी होती. "काय म्हणतायत?" तिने विचारलं. लूम नीट चालते आहे की बिघडली आहे, मला काही केल्या कळेना.