दारातली ओल

त्या दिवशी पाणी आलं नाही. आमच्या गल्लीला दर पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला नळ सुटतो आणि त्याआधी कोपऱ्यावरून सोपानरावांची आरोळी ऐकू येते. पावणेआठ झाले, आठ झाले, आरोळी नाही. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला रागच आला. सव्वाआठला शेजारची सुमन कठड्यावरून वाकून म्हणाली, "बाई, सोपानराव गेले. पहाटं चहा मागितला आन कप हातात घ्यायच्या आधीच…" मला काही सुचेना, म्हणून मी नळ बंद करायला गेले. त्याला थेंबही नव्हता. घटस्थापना चार-सहा दिवसांवर आली होती. डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता दसऱ्यानंतर काय होणार?

इरा, निहार, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की पाणी सोडणारा माणूस गेला तर आजी इतकी का घाबरली आहे. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून शांतपणे बसून लिहिते आहे. अवघड शब्द आले तर आई सांगेल. वर्तमानपत्राच्या पुरवणीकडेही हेच पाठवते आहे, कारण तुमचं मेलबर्न सोडा, पुण्यात राहूनही ज्यांचे आईवडील गावी एकटे आहेत अशी पुष्कळ माणसं ती वाचतात.

आपलं गाव पाथर्डीकडचं, कमी पावसाचं. दसरा झाला की वरच्या आळीतली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला निघतात. कोणी जवळ नेवाशाकडे, कोणी पार कोल्हापूरकडे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, कोंबड्या, तान्ही मुलं… आणि मागे राहतात ती ज्यांना कोयता उचलवत नाही अशी माणसं. गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत येईपर्यंत त्या आळीत म्हातारेच म्हातारे. तुम्ही दिवाळीला आलात तेव्हा निहारने विचारलं होतं, इथे मुलं का दिसत नाहीत. ती आळी ही.

सोपानराव ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. उंच, काटक, सायकलच्या दांडीला व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी बांधलेली. आधी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग आमच्या गल्लीचा, मग बाजारपेठेचा, असा त्यांचा क्रम. पाण्याबरोबर ते गावाची खबरही सोडत. "पानी आलंय वोऽऽ! उद्या लाइट न्हाई, दहा ते पाच, दळन आजच आना! गुरवारी दवाखान्यात डोळं तपासनार हायेत, फुकट हाय, लाजू नका! डबक्यात पानी ठिवू नका, डेंगू हाय गावात!" कोणी गेलं असेल तर आवाज खाली यायचा आणि सायकलवरून उतरून सांगायचे, कोण गेलं आणि किती वाजता उचलणार. हातात फोन असणारे आम्हीसुद्धा त्यांचं ऐकूनच दिवस ठरवत होतो.

मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. वर्गात घंटेनंतर येणाऱ्याला मी आत घेत नसे. तुमच्या आईला विचारा, घरीही तेच. त्यामुळे सोपानरावांचा उशीर मला खुपायचा. गंमत म्हणजे उन्हाळ्यात ते अगदी वेळेवर. दसरा झाला की कधी वीस मिनिटं उशीर, कधी चाळीस. एकदा मी त्यांना गेटापाशी गाठलं.

"सोपानराव, आज पस्तीस मिनिटं."

"पस्तीसच व्हय? मला वाटलं चाळीस झाली."

"वाटेत चहा झालेला दिसतो."

"मिळतो बाई, कुटं कुटं. म्हातारीनं ठिवला तर न्हाई कसं म्हनायचं?"

माझ्या दृष्टीने तो कबुलीजबाब होता. मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, खाली अकरा घरांच्या सह्या, आणि सोबत तक्ता… तारीख, ठरलेली वेळ, आलेली वेळ, उशीर मिनिटांत. सगळ्या ओळी पट्टीने आखलेल्या. आठवड्याभरात त्यांना लेखी समज मिळाली. तो कागद खिशात घालून ते माझ्या दाराशी आले. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, "बाई, तक्ता लई झ्याक काढलाय. शाळंत लावाया पायजे." मी म्हटलं, "वेळ पाळलीत तर पुन्हा काढावा लागणार नाही." "बरुबर हाय," एवढंच म्हणून गेले. आणि त्यानंतर पाणी साडेसातला म्हणजे साडेसातला. महिनाभर मी ते ज्याला त्याला सांगत होते.

मार्गशीर्षात वरच्या आळीतले शंकरबाबा घरात पडले. मुलं-सुना तोडीवर. पहाटे स्वयंपाकघरात घसरले ते दीड दिवस तिथेच. शेळी ओरडायची थांबेना म्हणून कोणीतरी डोकावलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, मुलीने त्यांना तिच्या गावी नेलं, पण स्वतःच्या घरात ते पुन्हा आले नाहीत. सुमनने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो.

"सोपानरावांना तवाच कळलं असतं," ती म्हणाली.

"अगं, पडले त्या दिवशी पाणी होतं. सोपानराव आले होते की. अगदी वेळेवर आले होते."

"तेच तर ना बाई. वेळेवर आले."

मग तिने सांगितलं, आणि गल्लीत हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. वरच्या आळीत नळ घराबाहेर, दाराशेजारी. पाणी आलं की माणूस हंडा लावतो, दोन तांबे सांडतात, पायऱ्या धुतल्या जातात, दारात ओल होते. सोपानराव तिथला व्हॉल्व्ह उघडून लगेच खाली येत नसत. थोडं थांबून आळीच्या शेवटापर्यंत जात आणि दारं बघत. ज्याच्या दारात कोरडं, त्याची कडी वाजवत. दसऱ्याआधी घरात तरणी माणसं असत, तेव्हा गरज नव्हती. दसऱ्यानंतर होती. माझ्या तक्त्यातली मिनिटं त्या चालण्याची होती. अकरा सह्यांपैकी एक सुमनचीही होती. "तुम्ही सही मागितली, मला न्हाई म्हनवंना," असं म्हणून ती शेंगांची टरफलं गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी व्हॉल्व्हपाशी गेले. सोपानराव गुडघाभर खड्ड्यात उतरून चावी फिरवत होते. काय बोलायचं ते मी घरून ठरवून निघाले होते, त्यातलं काही आलं नाही. म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? म्हाताऱ्यांच्या दारात बघत फिरतो म्हनून? त्यास्नी कळलं तर लाजतील. आपल्यावर कुनाचं तरी ध्यान हाय, ह्ये म्हाताऱ्या मानसाला लई लागतं, बाई."

"चुकलं माझं. मी अर्ज मागे घेते."

ते वर न बघता म्हणाले, "घ्या. पर ह्या बारीला तक्ता नगं."

त्यानंतर ते पुन्हा उशिरा यायला लागले आणि गल्लीत कोणी कुरकुर केली नाही. शंकरबाबांचं नाव त्यांनी माझ्यापुढे कधीच काढलं नाही. त्याचा मला आधार वाटायचा आणि धाकही. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत पाण्याच्या दिवशी मी गेटापाशी उभी राहायचे. ते सायकलवरूनच सांगायचे, "आज समदी वली हायेत." मग मी आत जायचे. एखाद दिवशी काहीच न बोलता चावी घेऊन खड्ड्याकडे वळले, की मी समजायचे, कोणाच्या तरी दारात आज थांबावं लागलं आहे. नंतर सुमनकडून कळायचं. कोणाला ताप, कोणाची साखर उतरलेली. एकदा फक्त कोणी तरी नातवाशी फोनवर बोलण्यात पाण्याचं विसरलं होतं…

त्यांच्या तेराव्यापर्यंत ग्रामपंचायतीने नवी सोय केली. आता व्हॉल्व्ह टायमरवर आपोआप उघडतात. आदल्या संध्याकाळी मोबाईलवर निरोप येतो, कोणत्या गल्लीला किती वाजता. लाइट जाणार असेल तर तेही, शिबिर असेल तर तेही. एक मिनिट इकडे-तिकडे नाही. मी अर्जात जे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं आहे. त्या कामात खोट काढता येणार नाही, आणि मी काढतही नाही. पण तो निरोप वर वाचणार कोण? वरच्या आळीत ज्यांच्याकडे फोन आहे, त्यातले बहुतेक फोन घेऊन तोडीवर गेले आहेत.

दसरा झाला. तीन दिवसांत ट्रॉल्या निघाल्या. त्यानंतरच्या पहिल्या पाण्याच्या दिवशी मी काठी घेतली आणि चढ चढून वर गेले. तुमच्या आईला हे सांगितलं नव्हतं, आता कळेल. एकेका दारापुढे मान खाली घालून ओल शोधत चालले होते. लोकांना वाटलं असेल, बाईंचं काहीतरी पडलं आहे. एक दार कोरडं निघालं. कडी वाजवली. आतून काही नाही. पुन्हा वाजवली. शंकरबाबांचा चेहरा मला धड आठवतही नव्हता, आणि तोच दिसायला लागला. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा आतून आवाज आला, "आले की… दार मोडता का काय!" ती जनाक्का. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, नजर मात्र लख्ख.

"पाणी आलंय. भरलं नाहीत?"

"आलंय? वरडलं न्हाई ना कुनी. मला वाटलं सोपानाबरुबर पानीबी गेलं."

मी तिचा हंडा लावला. भरेपर्यंत ती मला न्याहाळत होती. मी कोण, कुठली, मुलं कुठे, सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, "आन तुमच्या दारात कोन बघतं?"

"मुलीचा रोज फोन येतो."

"उचलला न्हाई तर?"

"पुन्हा करते ती."

"आन त्योबी न्हाई उचलला तर?"

मी वाकून नळ बंद केला. इरा, निहार, तुमच्याकडून विमानाने इथे पोचायला किती तास लागतात ते मला तोंडपाठ आहे. जनाक्का म्हणाली, "मंग मीच येते. पानी आलं की आदी हितली दारं बघते आन मंग खाली येते. तुमी नका चढू, पडाल."

तेव्हापासून ती येते. ती येईपर्यंत मला तिची काळजी, आणि ती परत वर पोचेपर्यंत पुन्हा तिचीच. मागच्या पाण्याच्या दिवशी आठ वाजून गेले तरी तिचा पत्ता नव्हता. मी चपला घालून दारात उभी होते. सव्वाआठला ती धापा टाकत आली आणि बसलीसुद्धा नाही. "तात्याचं दार कोरडं हाय. चार हाका मारल्या. चला."

तात्या म्हणजे मुरलीधर तात्या. बांधकाम खात्यात मैलकुली होते, रस्त्याची डागडुजी करत, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही मुलगे तोडीवर. आम्ही दोघी एकमेकींना धरून तो चढ कसा चढलो ते देवाला ठाऊक. दार नुसतं ओढलेलं होतं. ढकललं. अंथरूण नीट घडी घातलेलं, चूल थंड, हंडा रिकामा, काठी जागेवर नाही. मागच्या अंगणात पाहिलं, न्हाणीत पाहिलं. मी फोन काढला, पण कोणाला लावायचा तेच कळेना… तेवढ्यात रस्त्याने तात्या स्वतःच आले. धुतलेलं धोतर, टोपी, काखेत प्लास्टिकची पिशवी.

"कुठे गेला होतात तुम्ही?" मी शाळेतल्यासारखी ओरडले.

"बँकंत निगालो हुतो. पेन्शनीसाठी जिता हाय म्हनून दाखला द्याया लागतो, नोव्हेंबर न्हाई का! ष्ट्यांडवर गेलो आन ध्यानात आलं, आधारकार्ड घरीच."

जनाक्का मटकन पायरीवर बसली. श्वास घेतला आणि मग सुरू झाली, "दाखला तिकडं मागनं द्यायचा, आदी हितं द्यायचा! दारात तांब्याभर पानी वतायचं आन मंग कुटं उलथायचं तिकडं उलथा!"

तात्या हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी काढून हातात घेतली. मग नळाखाली तांब्या धरला, दारात ओतला आणि आधारकार्ड शोधायला आत गेले.

माझ्या घरावर टाकी आहे. पाणी आपोआप वर चढतं, दारात थेंब सांडत नाही. आत मी उठले आहे की नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायची काही सोय नाही. म्हणून आता मीही पाण्याच्या दिवशी तांब्याभर पाणी दारात ओतते. आपल्या गावात पाणी असं मुद्दाम सांडताना हात अजून अडखळतो. ओतून झालं की सोपानराव सायकल टेकवायचे त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहते. ते पाणी वाळायच्या आत कोणाच्या तरी नजरेला पडावं, एवढंच वाटतं.