फरशीवरची वाळू

गेल्या हिवाळ्यात मी आणि भाऊ आईला समुद्र दाखवायला कोकणात घेऊन गेलो. आमच्या आष्टी गावाच्या बाहेर ती फारशी कधी गेलीच नव्हती. किनाऱ्यावरचं लॉज जुनं, साधंच होतं, पण पायऱ्या उतरल्या की थेट पाणी. आई लुगडं वर खोचून पाण्यात उभी राहिली आणि निघायलाच तयार होईना.

लॉजवर परत आल्यावर तिच्या पायांची वाळू व्हरांड्यात पडली. मॅनेजर सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसला, “आता ही फरशी कोण पुसणार?” आई घाबरली. कोपऱ्यातलं फडकं घेऊन ती खाली बसली आणि पुसायला लागली.

मी भावाकडं पाहिलं. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, “पुसू दे, तिला सवय हाय.”

माझं डोकं फिरलं. मॅनेजर परका होता, हा तर तिच्या पोटचा. आईच्या हातातलं फडकं ओढून मी त्याच्या मांडीवर टाकलं.

“मंग आता तू पूस.”

तो उठला नाही.

“भांडू नका गं,” आई म्हणाली, “झालंच माझं.”

मी खोलीची चावी मॅनेजरच्या टेबलावर आदळली आणि आईला घेऊन बसनं घरी आले. भावाशी मी अजून बोलत नाही. आई मात्र त्याला रोज फोन करून जेवलास का विचारते. मला त्याचाही राग येतो.