क्षेत्र : एक हेक्टर वीस आर

विद्यापीठाच्या स्मरणिकेत नाव काढलेले माजी विद्यार्थी छापायचे ठरले आणि आमच्या भागातली यादी करायचं काम विभागप्रमुख मॅडमनी माझ्या गळ्यात मारलं. मी धुळ्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवतो. तास घेतला तर पैसे, नाही तर रामराम. अकरा वर्षं झाली. कायम असलेल्यांना असली कामं जमत नाहीत, त्यांची कंबर दुखते.

खरं सांगतो, त्या यादीत मला माझं नाव हवं होतं. फार हवं होतं. दोन महिन्यांवर कायम जागेची मुलाखत होती, छापील स्मरणिका टेबलावर ठेवली असती तर कुणीतरी मान वर करून बघितलं तरी असतं. मीही त्याच विद्यापीठाचा, यादीसाठीचा माझा फॉर्म मी केव्हाच भरला होता. फक्त 'क्षेत्र' हा रकाना कोरा. लिहायला बसायचो, उठायचो, चहा मारून यायचो, परत बसायचो. छे! हात चालायचाच नाही.

बाकीचे फॉर्म बघून तर जीव नुसता खालीवर व्हायचा. कुणी न्यायाधीश, कुणी कर्करोगाची डॉक्टर, एक जण नाटकात. ज्यानं तीन वर्षं माझ्या वह्या उतरवल्या तो पठ्ठ्या थेट जर्मनीत! त्यातच एक फॉर्म भडगावहून आला. वनस्पतिशास्त्रात सुवर्णपदक. क्षेत्र : १ हेक्टर २० आर, बागायती.

सातबाऱ्यावर लिहितात तसं गड्यानं जमिनीचं क्षेत्र लिहिलं होतं. अख्खी स्टाफरूम पोट धरून हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. दुरुस्तीसाठी फोनही मीच लावला.

"अहो, क्षेत्र म्हणजे तुम्ही कशात नाव काढलं ते."

"नाव ना? लागलं की उताऱ्यावर, यंदाच! स्वतः घेतली जमीन." काय आनंद होता त्या आवाजात! मग त्यानंच विचारलं, "तुमचं क्षेत्र कोणतं, सर?"

"शिक्षण."

"कायम?"

"नाही. तासिकेवर."

"मंग ती बटाईच शे ना, भाऊ! वावर दुसऱ्याचं, राबायचं आपण."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणूनच माझं डोकं फिरलं. लागलीच फोन ठेवला. त्याचं क्षेत्र होतं तसंच टाइप केलं, एक अक्षर बदललं नाही. माझ्या फॉर्मवर 'शिक्षण' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी कागदच फाटला.

संध्याकाळी मॅडमनी यादी चाळली.

"सर, तुमचं नाव कुठंय? शिक्षण क्षेत्रात टाका की!"

"टाकलं असतं मॅडम, पण ते क्षेत्र माझ्या नावावर नाही."

त्यांना वाटलं, मी गंमत केली. खूप हसल्या आणि उद्याचे दोन जादा तास मला देऊन गेल्या.